रात्री वाडीत कोण येते, हे पाहण्यासाठी कोणते उपकरण घ्यावे?

वाडीवाला · ७ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. बडोद्याहून वाघोडियाच्या बाजूला आमची सहा विघ्यांची आंब्या-चिकूची वाडी आहे. वाडीच्या खालच्या अंगाला एक तलावडी असून पावसाळ्यात तिचे पाणी कांसेतून, म्हणजे पाण्याच्या चरातून, पुढे देव नदीकडे जाते. गेल्या अठरा दिवसांत आमची पाच बदके आणि एक करडू नाहीसे झाले. बदकांची थोडी पिसे सापडली. करडाचे मात्र काहीच सापडले नाही. राखणदार ठामपणे सांगतो, ‘‘साहेब, दीपडो छे,’’ म्हणजे बिबट्या आहे. आमच्या घरच्यांचे मत मगरीकडे झुकते, आणि शेजारच्या वाडीचे मालक कोणाचेही नाव न घेता फक्त हसतात.

मी रात्री वाडीवर राहत नाही, आठवड्यातून दोन दिवस जातो. त्यामुळे एखादे उपकरण घ्यावे असे ठरवले आहे. दुकानात विचारल्यावर नाइट व्हिजन, थर्मल आणि ट्रेल कॅमेरा अशी तीन नावे कानावर पडली आणि तिन्ही ‘अंधारात दिसण्याची’ साधने आहेत, इतकेच कळले. खर्चाची मर्यादा ४०,००० रुपये. यांपैकी काय घ्यावे आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

शिवारफेरी · ७ डिसेंबर, रात्री १०.१५

आपण रात्री तेथे नसता, या एका वाक्यात अर्धे उत्तर आले आहे. नाइट व्हिजन आणि थर्मल ही डोळ्याला लावून पाहण्याची साधने आहेत, म्हणजे पाहणारा माणूस जागा असावा लागतो. ट्रेल कॅमेरा झाडाला बांधून आपण घरी झोपू शकता. दोन साधे ट्रेल कॅमेरे घ्या, एक बदकांच्या खुराड्याकडे आणि एक तलावडीकडे लावा. ४०,००० मधले निम्म्याहून अधिक पैसे शिल्लक राहतील.

साशंक · ७ डिसेंबर, रात्री १०.२२

रक्त नाही, हाडे नाहीत, करडू संपूर्ण गायब. शेजारी हसतात ते उगाच नव्हे. या जनावराला दोन पाय असतात आणि ते बहुधा शनिवारी रात्री येते.

सप्तरंग · ७ डिसेंबर, रात्री ११.०५

खरेदीच्या आधी एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे, कारण दुकानदार तिन्ही वस्तूंना सरसकट ‘इन्फ्रारेड’ म्हणतात आणि तेथेच ग्राहक फसतो. अवरक्त किरणांचा पट्टा फार रुंद आहे. ट्रेल कॅमेऱ्याच्या दिव्यांतून निघणारा आणि डिजिटल नाइट व्हिजनला दिसणारा प्रकाश साधारण ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा असतो. तो दृश्य प्रकाशाच्या अगदी कुंपणापलीकडचा. तो वस्तूवर टाकावा लागतो आणि परावर्तित होऊन आला तरच चित्र उमटते, म्हणजे तत्त्वतः ही विजेरीच आहे, फक्त आपल्याला न दिसणारी. थर्मल कॅमेरा मात्र ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात पाहतो. प्राण्याच्या अंगातून आपोआप बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जोर साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे वरच्या दिव्यापेक्षा तरंगलांबी दहापटीहून मोठी. त्याला बाहेरचा प्रकाश लागत नाही. अंगावरचे ठिपके किंवा पट्टेही तो सहसा दाखवत नाही, कारण ठिपका आणि त्याशेजारची कातडी यांचे तापमान जवळपास सारखेच असते.

गंमत अशी की ट्रेल कॅमेऱ्यात दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. त्याच्या तोंडावर जो पांढरट, फुगीर प्लास्टिकचा डोळा दिसतो, त्यामागचा संवेदक प्राण्याची उष्णता टिपून कॅमेऱ्याला जागे करतो. त्यानंतर ८५० किंवा ९४० चे दिवे पेटतात आणि छायाचित्र निघते. संवेदक चुकला तर पुढचा कॅमेरा कितीही भारी असो, तो झोपलेलाच राहतो.

लष्करी चष्मा · ८ डिसेंबर, सकाळी ७.३०

नाइट व्हिजनबद्दल माझे चार शब्द. नोकरीतली बरीच वर्षे मी अशी उपकरणे दुरुस्त करण्यात घालवली आहेत. खरे नाइट व्हिजन म्हणजे प्रतिमावर्धक नळी. चांदण्याचे तुरळक प्रकाशकण पुढच्या पडद्यावर आदळून इलेक्ट्रॉन सुटतात, सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि मागच्या स्फुरक पडद्यावर हिरवे चित्र उमटते. हिरवा रंग निवडला गेला, कारण आपला डोळा हिरव्यातल्या छटा सर्वांत बारकाईने ओळखतो. हल्ली पांढऱ्या पडद्याच्या नळ्याही मिळतात. तिसऱ्या पिढीच्या नळीत गॅलियम आर्सेनाइडचा पडदा असतो. तिची किंमत आपल्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहे आणि अमेरिकेसारखे देश तिच्या निर्यातीवर कडक नियंत्रण ठेवतात.

त्यामुळे बाजारात १५,००० रुपयांत ‘चौथी पिढी’ असे लिहिलेले खोके दिसले, तर ते खुशाल खाली ठेवावे. आत साधा डिजिटल संवेदक आणि एक अवरक्त दिवा असतो. वस्तू वाईट असतेच असे नाही, परंतु तिला पिढी वगैरे नसते. शिवाय दिवा सतत पेटलेला राहत असल्यामुळे ती सेल भराभर खाते आणि धुक्यात किंवा उंच गवतात तो दिवा आपल्याच डोळ्यांवर उलटतो. आणखी एक सूचना म्हणजे बंदुकीवर बसवण्याच्या, नेम धरण्याची खूण असलेल्या दुर्बिणी परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये. वाडीवरच्या बदकांसाठी कस्टमच्या खिडकीत उभे राहण्याचे कारण नाही.

कमाटीबागकर · ८ डिसेंबर, सकाळी ९.१०

वरील तिन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु आपण सगळे बडोद्यात बसून लिहीत आहोत याचा विसर पडलेला दिसतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी लोकांच्या अंगणात आल्या होत्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. वाडीवाल्यांची तलावडी कांसेने देव नदीला जोडलेली आहे, म्हणजे वहिनींचा संशय अजिबात हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आता मुद्दा असा. मगर शीतरक्ताची आहे. तिच्या अंगाचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढे किंवा चिखलाएवढेच असते. सप्तरंग यांनी सांगितलेला उष्णतेचा संवेदक तिला पाहतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने मगर म्हणजे सरकणारा चिखल. थर्मलमध्येही हीच अडचण. त्यातून पाणी या किरणांना अपारदर्शक असल्यामुळे बुडालेला भाग तर मुळीच दिसत नाही. म्हणजे ४०,००० रुपये खर्च करून, चोर जर मगर असेल, तर आपण नेमकी तिलाच न पाहणारी वस्तू विकत घ्याल.

वाडीवाला · ८ डिसेंबर, दुपारी १.२०

सर्वांचे आभार. कमाटीबागकर, आपले उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यामुळे आज जेवणात मला दुसऱ्यांदा आमटी विचारली गेली नाही, कारण सौ. विजयाच्या आनंदात होत्या. मग मगर असेल तर करावे काय? आणि बिबट्या असेल तर वेगळे काय? दोन्हींसाठी दोन उपकरणे घेणे मला परवडणार नाही.

कमाटीबागकर · ८ डिसेंबर, दुपारी २.०५

मगरीसाठी सर्वांत जुने आणि स्वस्त साधन म्हणजे चांगली विजेरी. मगरीच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधारात झोत पडला की तिचे डोळे निखाऱ्यासारखे तांबूस-नारिंगी चमकतात. मगरींच्या रात्रीच्या गणनेतही याच चमकेवरून डोळे मोजतात. मात्र विजेरी कमरेशी धरून उपयोग नाही. ती कानशिलाजवळ, आपल्या नजरेच्या रेषेत धरावी लागते, कारण परतणारा प्रकाश जेथून आला तेथेच जातो. बिबट्याचे डोळे पिवळसर-हिरवे दिसतात. कोळ्यांचेही डोळे गवतात हिऱ्यासारखे चमकतात, त्यामुळे पहिल्या रात्री आपल्याला शेकडो मगरी दिसल्या तर घाबरू नये. पाण्याच्या काठापासून मात्र चांगले अंतर ठेवून उभे राहावे आणि एकट्याने जाऊ नये.

उष्णरेखा · ८ डिसेंबर, रात्री ८.४५

थर्मलवर इतका अन्याय होताना पाहवत नाही. माझ्याकडे दोन वर्षांपासून हातात धरण्याचा थर्मल आहे आणि जांबुघोड्याच्या बाजूच्या आमच्या शेतात रानडुकरे कोणत्या चरातून शिरतात, हे मला त्यानेच एका रात्रीत दाखवले. ट्रेल कॅमेरा जेथे बांधाल तेवढाच तुकडा पाहतो. थर्मलने पाच मिनिटांत संपूर्ण शेत चाळता येते. बाजरीच्या ताटांमागे उभा असलेला रोझ (नीलगाय) साध्या डोळ्यांना किंवा विजेरीला दिसला नसता, परंतु पानांच्या फटींतून निसटणारी त्याची उष्णता स्पष्ट दिसते.

पहिल्या रात्रीची फजितीही सांगतो. थंडी होती म्हणून मी मोटारीच्या काचा वर करून आत बसलो आणि अर्धा तास मला समोर एका जाडसर माणसाची अंधुक आकृती दिसत होती. मी हललो की तीही हलत होती. काच या किरणांना आरपार जाऊ देत नाही आणि त्यातला थोडा भाग परावर्तितही करते, हे नंतर कळले. या कॅमेऱ्यांचे भिंग काचेऐवजी जर्मेनियमचे असते ते याच कारणाने, आणि किंमत वाढते तीही बरीचशी त्याच कारणाने.

साशंक · ८ डिसेंबर, रात्री ८.५२

म्हणजे अखेर दोन पायांचे जनावर थर्मलनेच पकडून दिले म्हणायचे.

सप्तरंग · ८ डिसेंबर, रात्री १०.३०

उष्णरेखा यांचे म्हणणे खरे आहे, परंतु थर्मल घेणाऱ्याने खोक्यावरील ‘१२०० मीटर’ या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा. तो आकडा ‘काहीतरी आहे’ एवढे कळण्याचा असतो. जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने १९५८ साली मांडलेल्या निकषांची पिक्सेलच्या भाषेत सोपी मांडणी केली, तर काहीतरी आहे हे कळायला वस्तूच्या उंचीवर साधारण २ पिक्सेल पुरतात, कुत्रा की डुक्कर हे कळायला ८ लागतात आणि नेमकी ओळख पटायला १२-१३ लागतात.

आता हिशेब करू. २५६ गुणिले १९२ पिक्सेलचा संवेदक, पिक्सेलची रुंदी १२ मायक्रोमीटर आणि भिंग १० मिलिमीटरचे असेल, तर १०० मीटरवर एक पिक्सेल १२ सेंटिमीटर जागा व्यापतो. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची ६० सेंटिमीटर धरली, तर १०० मीटरवर तो फक्त पाच पिक्सेल उंचीचा ठिपका असेल. कुत्र्यापेक्षा वेगळा कळण्यासाठी त्याला साठेक मीटरवर यावे लागेल. हाच हिशेब ३८४ गुणिले २८८ चा संवेदक आणि २५ मिलिमीटरचे भिंग धरून केला, तर ते अंतर दीडशे मीटरच्या पुढे जाते. परंतु मोठ्या भिंगाने दृश्याची रुंदी कमी होऊन जेमतेम साडेदहा अंश उरते, म्हणजे शेत चाळताना मान अधिक फिरवावी लागते. फुकट काहीच मिळत नाही.

यासोबत दोन आकडे पाहावेत. एक म्हणजे तापमानातील किती सूक्ष्म फरक कळतो तो आकडा. तो मिलिकेल्विनमध्ये देतात आणि जितका लहान तितका चांगला. दमट हवेत ४० आणि २५ यांतला फरक जाणवतो. दुसरा म्हणजे सेकंदाला किती चित्रे. निर्यातीच्या नियमांमुळे कित्येक स्वस्त उपकरणे सेकंदाला ९ चित्रांवर बांधलेली असतात. थांबलेल्या जनावराला तेवढी पुरतात, पळणाऱ्या सशाला पुरत नाहीत. ४०,००० रुपयांत जे मिळेल ते बहुतेक लहान संवेदकाचेच असेल.

रेवाकाठ · ९ डिसेंबर, सकाळी ११.००

मी पक्ष्यांसाठी ट्रेल कॅमेरे वापरते, त्यामुळे खरेदीतल्या खाचखळग्यांबद्दल लिहिते. पहिला कॅमेरा मी एका संकेतस्थळावरून ‘४८ मेगापिक्सेल’ वाचून घेतला होता. छायाचित्राची फाइल भली मोठी, परंतु मोठे करून पाहिल्यावर बुलबुल आहे की वाळलेले पान, हे ठरवता येत नव्हते. आतला संवेदक अवघ्या काही मेगापिक्सेलचा असतो आणि उरलेले पिक्सेल कॅमेरा मधल्या मधे कल्पनेने भरतो. वस्तू परत घेण्याबाबत विक्रेत्याशी तीन आठवडे पत्रव्यवहार झाला आणि अखेर मी दमले. तेव्हापासून मी मेगापिक्सेलचा रकानाच वाचत नाही.

जे वाचायचे ते असे. हालचाल जाणवल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत किती वेळ लागतो, तो अर्ध्या सेकंदाहून कमी असावा, नाहीतर आपल्याकडे शेपट्यांचा उत्तम संग्रह तयार होतो. एक छायाचित्र काढल्यावर कॅमेरा पुन्हा किती वेळात सिद्ध होतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, परंतु खोक्यावर ते क्वचितच लिहिलेले असते. दिव्यांपैकी ८५० नॅनोमीटरचे लांबपर्यंत पोहोचतात, मात्र पेटताना त्यांची मंद लाल ठिणगी दिसते. ९४० चे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो आणि चित्र जरा खरखरीत येते. साशंक यांच्या दोन पायांच्या जनावराची शक्यता असेल तर ९४० घ्यावा, कारण लाल ठिणगी पाहून कॅमेराही करडाच्या मार्गाने जातो.

शिवारफेरी · ९ डिसेंबर, दुपारी १२.१०

९४० बद्दल मी थोडा असहमत आहे. तलावडीच्या उघड्या काठावर दहा-बारा मीटरच्या पलीकडे ९४० चे दिवे काळोखच टिपतात, असा माझा अनुभव आहे. खुराड्यापाशी ९४० आणि काठावर ८५० अशी विभागणी मला योग्य वाटते. सेलांच्या बाबतीत कंजुषी करू नये. साध्या सेलांचा दाब हळूहळू उतरतो आणि दिवसाची छायाचित्रे व्यवस्थित येत असताना रात्रीचा दिवा मात्र निम्म्यावर येतो. माणसाला वाटते कॅमेरा बिघडला. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, तेव्हा आपला कॅमेरा त्यांवर चालतो का, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

वाडीवाला · ९ डिसेंबर, रात्री ९.००

सिम कार्ड घालून छायाचित्र थेट फोनवर येणारा कॅमेरा घेतला तर कसे? राखणदार रोज फोन करून नवी कथा सांगतो, त्यापेक्षा छायाचित्र पाहिलेले बरे.

रेवाकाठ · ९ डिसेंबर, रात्री ९.३५

वाडीवर फोनला जाळे व्यवस्थित मिळते का, हे आधी त्या झाडाखालीच उभे राहून पाहावे, घराच्या ओट्यावरून नव्हे. परदेशातून येणाऱ्या कॅमेऱ्यांत आपल्याकडच्या ४जी जाळ्याचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असतीलच असे नाही. बँड ३, ५ आणि ४० पैकी आपल्या सिमचे कोणते, हे जुळवून घ्यावे. नुसते २जी वा ३जी वर चालणारे जुने मॉडेल स्वस्तात मिळते ते आता का स्वस्त आहे, हे सांगायला नको. शिवाय छायाचित्र पाठवताना सेल झपाट्याने संपतात. माझ्या मते पहिल्या खेपेला साधाच घ्यावा.

एक वेगळी गोष्टही लिहिते. तलावडीच्या काठाने शेजारच्या वस्तीतल्या बायका जात-येत असतील, तर कॅमेरा लावण्यापूर्वी त्यांना सांगावे आणि त्याचे तोंड पायवाटेकडे करू नये. जमीन आपली असली तरी झाडामागे गुपचूप डोळा बसवला आहे, हे नंतर कळणे कोणाला आवडेल?

काळी माती · १० डिसेंबर, सकाळी ८.२०

रेवाकाठ यांचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला कायद्याची जोड देतो. आपल्या मालकीच्या वाडीत कॅमेरा लावायला हरकत नाही. मात्र हौस वाढून तो जांबुघोडा अभयारण्यात किंवा वनजमिनीवर बांधू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी किंवा अभ्यासासाठी जायचे तरी परवानगी लागते. बिबट्या आणि मगर दोन्ही पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आहेत. त्यामुळे कॅमेऱ्यात काहीही दिसले तरी पिंजरा, फास, विषारी मांस असले उपाय राखणदाराच्या डोक्यातूनही काढून टाकावेत आणि वनविभागाला कळवावे.

चांदणे · १० डिसेंबर, दुपारी ४.४५

थोडे विषयाच्या कडेने. कॅमेरा ट्रॅप ही अलीकडची वस्तू आहे असे आपल्याला वाटते, परंतु अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी ताणलेल्या दोरीवर चालणारे कॅमेरे वापरून रात्रीचे प्राणी टिपले आणि त्यांची छायाचित्रे १९०६ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी १९२० च्या दशकात वाघालाच तारेवर पाय द्यायला लावून त्याचे छायाचित्र त्याच्याकडूनच काढून घेतले. त्या काळी झोतासाठी मॅग्नेशियमची भुकटी जाळत असत, म्हणजे ८५० की ९४० हा वाद त्या वाघाच्या दृष्टीने फारच सौम्य आहे.

आणि वाडीवाल्यांनी मनाची तयारी करावी म्हणून एक आकडा देतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे आली आणि त्यांत वाघांची होती ७६,६५१, बिबट्यांची ५१,७७७. म्हणजे साडेचारशे छायाचित्रांमागे वाघाचे एक.

साशंक · १० डिसेंबर, दुपारी ४.५८

उरलेल्या चारशे चोपन्नांत गवत हलताना दिसते आणि एकात वनरक्षकाचा चेहरा, कॅमेरा चालू आहे की नाही हे वाकून पाहताना.

शिवारफेरी · १० डिसेंबर, रात्री ९.२०

साशंक यांनी विनोद केला, परंतु गवत हीच खरी डोकेदुखी आहे. उन्हाने तापलेली पाने वाऱ्याने हलली की संवेदकाला जनावर आल्याचा भास होतो आणि दोन दिवसांत कार्ड भरते. म्हणून समोरचे दोन-तीन मीटर विळ्याने साफ करावे. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, उगवता-मावळता सूर्य डोळ्यात जातो. बिबट्या किंवा कुत्र्याएवढ्या प्राण्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधावा आणि प्राणी कॅमेऱ्याच्या दिशेने चालत न येता समोरून आडवा जाईल, अशी जागा शोधावी. संवेदक आडवी हालचाल चटकन पकडतो. थेट अंगावर येणारा प्राणी त्याला उशिरा कळतो. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. माझ्या एका कॅमेऱ्यात मुंग्यांनी सहकुटुंब बिऱ्हाड केले होते आणि दुसरा वानरांनी तीनशे साठ अंशांत फिरवून आकाशाची एकशे बारा छायाचित्रे काढली होती.

एक गोष्ट मात्र वरच्या सर्व चर्चेत राहून गेली. बहुतेक ट्रेल कॅमेऱ्यांत ठराविक वेळाने आपोआप छायाचित्र काढण्याची सोय असते. ती लावली की उष्णतेच्या संवेदकाची गरजच उरत नाही. मगरीसाठी हेच वापरावे.

कमाटीबागकर · १० डिसेंबर, रात्री ९.५०

उत्तम. आणि ऋतू अनुकूल आहे. थंडीत मगर सकाळी ऊन खायला काठावर येऊन तासन् तास पडते. सकाळी सात ते अकरा, दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला जेमतेम पन्नास छायाचित्रे. ती दिवसाउजेडीची असल्यामुळे दिव्याचा प्रश्नही नाही. समोर चिखलात एक मीटरची काठी ठोकून ठेवा, म्हणजे लांबीचा अंदाज येईल. नाहीतर प्रत्येकाच्या तोंडी मगर वेगवेगळ्या मापाची होते.

वाडीवाला · २८ डिसेंबर, सकाळी १०.१५

विलंबाबद्दल क्षमस्व. सर्वांचे ऐकून दोन साधे ट्रेल कॅमेरे घेतले, एक ८५० चा, एक ९४० चा, आणि एक चांगली विजेरी. कार्डे, सेल आणि लोखंडी पेट्या धरून सगळे १९,४०० रुपयांत बसले. उष्णरेखा यांनी मोठ्या मनाने आपला थर्मल एका रात्रीसाठी वाडीवर आणला, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. त्या रात्री आम्हाला तीन कोल्हे, असंख्य उंदीर आणि आंब्याखाली बसून विडी ओढणारा राखणदार दिसला. विडीचे टोक इतके तेजस्वी दिसते, हे मला ठाऊक नव्हते.

खुराड्यापाशी अकरा दिवसांत ६४० छायाचित्रे निघाली. त्यांत आमचीच मांजर, शेजाऱ्यांचा कुत्रा आणि चार रात्री, पहाटे तीन ते चारच्या दरम्यान, एक लांब पायांचा, मांजरासारखा प्राणी आहे. एका छायाचित्रात तोंडात बदक स्पष्ट दिसते. राखणदार म्हणतो, हे दीपड्याचे पिल्लू आहे आणि आई मागे उभी असणार. छायाचित्र जोडले आहे.

रेवाकाठ · २८ डिसेंबर, सकाळी १०.४०

हे रानमांजर आहे, ज्याला आपल्याकडे बाऊल म्हणतात. शेपूट पाहा, जेमतेम गुडघ्यापर्यंत पोहोचते, टोकाला काळी आहे आणि तिच्यावर दोन-तीन कडी आहेत. बिबट्याच्या पिल्लाची शेपूट अंगाच्या मानाने लांब असते आणि अंगावर ठिपके असतात, जे या चित्रात कोठेही नाहीत. दिवा प्राण्यावर पडून चित्र निघाल्यामुळेच हे ठरवता आले. थर्मलमध्ये हा फक्त एक पांढरा मांजराकार दिसला असता.

उष्णरेखा · २८ डिसेंबर, सकाळी ११.०५

मान्य. परंतु विडी कोणी पकडली?

साशंक · २८ डिसेंबर, सकाळी ११.१२

बदकांचा निकाल लागला. करडाचे काय? बाऊल करडू ओढून नेईल, हे मला पटत नाही.

वाडीवाला · २८ डिसेंबर, दुपारी १२.३०

करडाचे अजून कळलेले नाही. तलावडीच्या कॅमेऱ्यात पहिले आठ दिवस फक्त बगळे आणि चिखल होता. नवव्या दिवशी, सकाळी ८.२५ ते १०.४० या वेळेत, अठ्ठावीस छायाचित्रांत काठीच्या डावीकडे एक ओंडका आहे, जो ८.२० च्या छायाचित्रात नव्हता आणि १०.४५ च्या छायाचित्रातही नाही. काठीशी ताडून पाहता लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास भरते. उष्णतेच्या संवेदकाने त्या सव्वादोन तासांत एकदाही नोंद घेतली नव्हती, हे मी मुद्दाम तपासले. त्या रात्री गच्चीवरून विजेरीचा झोत टाकला, तेव्हा पाण्यावर दोन तांबूस ठिपके दिसले आणि हळूच मावळले.

वनविभागाला कळवले. त्यांची माणसे येऊन पाहून गेली. करडू याच मगरीने नेले असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण ते घडले तेव्हा कॅमेरा नव्हता. त्यांच्या सल्ल्याने काठाला जाळी घालत आहोत आणि शेळ्यांना पाणी वरच हौदात देत आहोत. पायवाटेने जाणाऱ्या बायकांना सौ. स्वतः जाऊन सांगून आल्या, आणि ‘मी म्हणत होते’ हे वाक्य त्यांनी वाटेत किती जणींना ऐकवले, याची नोंद कोणत्याही कॅमेऱ्यात नाही.

काळी माती · २८ डिसेंबर, दुपारी २.१५

जाळीचे खांब ठोकायला माणसे पाण्यापाशी पाठवाल, तेव्हा एकाला केवळ पाण्याकडे लक्ष ठेवायला उभे करा. फेब्रुवारीपासून माद्या अंडी घालायला लागतात. काठाच्या कोरड्या मातीत उकरल्याची खूण दिसली, तर तेथे कुदळ न चालवता पुन्हा वनविभागाला बोलवा.

सप्तरंग · २८ डिसेंबर, सायंकाळी ६.००

आपल्याकडे साधारण वीस हजार शिल्लक आहेत असे दिसते. कृपया त्यांचा थर्मल घेऊ नका.

वाडीवाला · २८ डिसेंबर, रात्री ८.२०

त्या पैशांतून खुराड्याला पक्के दार आणि बारीक जाळी बसवली. राखणदाराने मात्र विनंती केली आहे की आंब्याखालचा कॅमेरा थोडा पलीकडच्या चिकूकडे वळवावा.